चालत्या यंत्राचं स्मारक

साहेबाने संमतीपत्र टेबलावर ठेवलं आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर आत्याचाच चष्मा ठेवला. आता चष्म्याशिवाय आत्याला कागद वाचता येईना, आणि चष्मा उचलला की कागद उडायचा. म्हातारी मुद्दाम वेळकाढूपणा करतेय, असं साहेबाला वाटलं. करतही असेल. आत्याच्या बाबतीत ते सांगणं अवघडच असायचं.

"वाचायला काय आहे त्यात," साहेब म्हणाला. "मी वाचलाय ना."

"तू लिहिलायस," आत्या म्हणाली. "वाचणं वेगळं."

साहेब म्हणजे तिघा भावंडांतला मधला. लहानपणी तो स्वतःच्या वहीवर स्वतःच लाल शाईने 'छान' असा शेरा मारायचा, म्हणून त्याच्या आजोबांनी, अण्णांनी, त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली. पुढे तो खरोखरच राज्याच्या वीजखात्यात साहेब झाला, आणि शेरे अजून तसेच मारतो. हे वीजघर अण्णांचं. एका बंद पडलेल्या कागदगिरणीचं, पाण्यावर वीज करणारं जुनं यंत्र आणून त्यांनी ते कालव्याच्या उतारावर उभं केलं. खाली यंत्र, वर घर. यंत्राच्या घरघरीने वरच्या कपबशा दिवसभर किणकिणायच्या, आणि कधी किणकिण थांबली तर घरातली माणसं भर झोपेतून दचकून उठायची.

आज बारा वाजता या वीजघराच्या अंगणात ऊर्जामंत्री एक दांडा ओढणार होते. दांडा नुसता लाकडी होता. तो ओढला की साहेब फोन करणार, आणि मग तिकडे लांब कुणीतरी शेजारच्या राज्यातून येणारी लाईन खरीखुरी तोडणार. त्या क्षणापासून राज्य विजेच्या बाबतीत स्वावलंबी. मग टाळ्या ओसरायच्या आत थोरल्याने या कागदावर सही करायची. वीजघर राज्याच्या ताब्यात जाणार, यंत्र कायमचं बंद होणार आणि जागेचं 'ऊर्जा स्वावलंबन स्मारक' होणार. परवाना थोरल्याच्या नावावर होता, त्यामुळे खरी सही त्याचीच. आत्या, साहेब आणि धाकटी यांच्या सह्या फोटोपुरत्या. मंत्र्यांना कुटुंब एकत्र दिसायला हवं होतं.

"म्हणजे स्वावलंबन आलं म्हणून," धाकटी म्हणाली, "जे एकटं स्वतःच्या बळावर चालतंय तेच बंद करायचं."

धाकटीची गावात लॉन्ड्री होती. सहा मोठी मशीनं, आणि हॉस्पिटलच्या सगळ्या चादरी तिच्याकडे यायच्या. दिवसभर डाग काढून काढून तिच्या बोलण्याला एक प्रकारची धार आली होती.

"बंद नाही गं. जतन."

"बंद करून जतन."

"मग चालत्या यंत्राजवळ शाळांच्या सहली कशा आणणार? कुणाचं दप्तर अडकलं तर? आपण यंत्राला निळा रंग देऊ, भोवती दोरी बांधू, बाजूला माहितीचा फलक लावू. बटण दाबलं की घरघरीचा आवाज येईल."

"आवाज आत्ताही येतोय की."

"तो रेकॉर्ड केलेला असेल. स्वच्छ."

"आणि वीज कुठून येणार?" आत्याने विचारलं.

"राज्याकडे आता एकशे चार टक्के वीज आहे, आत्या," साहेब म्हणाला. हे वाक्य बोलताना त्याची छाती दर वेळी थोडी पुढे यायची. हे एकशे चार त्यानेच जमवले होते. त्यात चालणारी केंद्रं होती, बंद पडलेली होती, अजून पायाही न खणलेली होती. एक केंद्र तर दोनदा धरलेलं होतं, कारण त्याचं उद्घाटन दोनदा झालं होतं.

"मग वरचे चार टक्के कुठे ठेवणार आहात?" आत्या म्हणाली. "ठेवायला जागा आहे ना?"

साहेबाने घड्याळात पाहिलं. साडेदहा. मागच्या आठवड्यात सगळं कसं जुळून आलं होतं. धाकटी त्याच्या बाजूने होती, कारण थोरल्याची लेक, म्हणजे तिची भाची, या घरघरीतून सुटेल असं तिला वाटत होतं. आत्या विरोधात होती, पण अण्णांचा अर्धपुतळा बसवणार म्हटल्यावर तीही विरघळली. आज सकाळी मात्र तिने अंगणात जाऊन पुतळ्यावरचं कापड उचलून पाहिलं, आणि तेव्हापासून बिनसलं.

"अण्णांना मिशी नव्हती," ती आता चौथ्यांदा म्हणाली.

"पुतळ्याला असते थोडी."

"थोडी? कानापर्यंत गेलीय! कोण आहे तो माणूस?"

साहेबाने कोट घेतला आणि इस्त्री तापत ठेवली. मंत्र्यांच्या वडिलांचा एक पुतळा जास्तीचा तयार होता, ही गोष्ट या खोलीत सांगण्यासारखी नव्हती.

तेवढ्यात वरचा बल्ब पिवळा पडला. अंगणातल्या मंडपात कुणीतरी एसी चालू करून बघत असणार. आणि मग या घरात नेहमी व्हायचं तेच झालं. धाकटीने उठून पंखा बंद केला. आत्याने किटलीचं बटण बंद केलं. थोरला खिडकीजवळ बसला होता, त्याने हात लांबवून पंपाचा खटका खाली ओढला. साहेब आपल्या कोटावर इस्त्री फिरवत होता, त्याने प्लग काढला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कुणाचं बोलणं तुटलं नाही. गावाला वीज कमी पडली तर आधी आपलं घर बंद करायचं, हा अण्णांचा नियम. पोरं चालायला लागली की त्यांना एकेक बटण वाटून दिलेलं असायचं. बल्ब पुन्हा पांढरा झाला, सगळे आपापल्या जागी येऊन बसले आणि भांडण होतं तिथून पुढे सुरू झालं.

फक्त आता पंखा बंद होता. कागद काही उडेना. आत्याने चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि वाचायला घेतलं.

"नववं कलम," ती म्हणाली. "'वीजघर बंद झाल्यावर गावाचा पुरवठा केवळ राज्याच्या मुख्य लाईनवरून होईल.'"

धाकटी वळली. "हे तू मला बोलला नव्हतास."

"त्यात काय बोलायचं? उलट चांगलंच आहे ना."

"पलीकडच्या गावात राज्याची लाईन आहे. दिवसातून चारदा वीज जाते तिथे. माझी मशीनं अर्ध्यात बंद पडली की चादरी साबणाच्या पाण्यात पडून राहतात. ऑपरेशनच्या चादरी, साहेब! हॉस्पिटलला काय सांगू? रुग्णाला जरा थांबायला सांगा, आम्ही स्वावलंबी झालोय?"

"तो तात्पुरता प्रश्न आहे."

"किती वर्षांपासून तात्पुरता आहे?"

साहेब थोरल्याकडे वळला. "दादा, तू सांग बाबा यांना."

थोरल्याने गुडघ्यावरचा हात काढला नाही. खाली जायच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या होत्या, आणि गेली सहा वर्षं हा गुडघा त्यांतल्या दहाही उतरू देत नव्हता. कागदोपत्री यंत्र तोच चालवत होता. प्रत्यक्षात चालवत होती त्याची लेक. एकतीस वर्षांची, शिकलेली, हुशार पोरगी दिवसाचे बारा-बारा तास त्या दमट तळघरात तेलकट हातांनी बसते, याचं त्याला आत खोल कुठेतरी वाईट वाटायचं. ते वाईट वाटणं त्याने कधी तिला बोलून दाखवलं नव्हतं. साहेबाला मात्र दाखवलं, आणि साहेबाने लगेच तिच्यासाठी खात्याच्या मुख्य कार्यालयात खुर्ची ठरवून टाकली.

"मी सही करणार आहे," थोरला म्हणाला.

आत्याने चष्मा काढला. "काय म्हणालास?"

"करणार आहे. पोरीचं आयुष्य जातंय खाली. मला आता बघवत नाही."

"तिला विचारलंस?" धाकटी म्हणाली.

थोरला खिडकीबाहेर बघू लागला.

"मला काय विचारायचंय?" दारातून आवाज आला.

लेक वर आली होती. हातात फडकं, बाह्या कोपरापर्यंत वर. ती खरं तर काकाशी बोलायला आली होती, पण शेवटची दोन वाक्यं तिच्या कानावर पडली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, तुम्ही सही करणार?"

"तुझ्यासाठीच करतोय. तिकडे तुला छान खोली मिळेल, टेबल मिळेल. स्वच्छ काम."

"मला टेबल नकोय."

"अगं, सगळ्यांना हवं असतं टेबल," साहेब म्हणाला. मनापासून म्हणाला.

"काका, तुम्ही थांबा जरा." ती बापासमोर येऊन उभी राहिली. "सहा वर्षं मी खाली अडकून बसलेय असं वाटतं तुम्हाला? माझं दुसरीकडे जमलं नाही म्हणून? मला आवडतं ते, बाबा. पाणी किती आलं, गावात कुठे काय चालू झालं, हे मला काट्याकडे न बघता कळतं. हॉस्पिटलचं मोठं मशीन लागलं की यंत्राचा आवाज बदलतो, तेवढ्यावरून मी पाण्याचा दरवाजा उघडते. हे दुसऱ्या कुणाला येत नाही. तुम्हालाही आता येणार नाही." बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द काही तिने मागे घेतले नाहीत. "तुम्ही हे बंद केलंत तर मी जगेन हो. टेबलावर बसेन, कागद पुढे सरकवेन. पण तुम्हाला माफ करणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

आत्याने नाक पुसलं आणि सर्दी झाल्याचं दाखवलं.

"मी शब्द दिलाय," थोरला शेवटी म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"ठीक आहे." लेक काकाकडे वळली. "मी आले होते ते वेगळ्या कामाला. बाराला बाहेरची लाईन तुटली की राज्यभर वीज कमी पडणार. तुमचे एकशे चार टक्के मी पण पाहिलेत. तेव्हा राज्याच्या लाईनशी आपला जो जोड आहे तो तोडून मी गाव एकट्या यंत्रावर घेणार आहे, नाहीतर सगळेच बुडतील. पण गाव आणि तुमचा मंडप दोन्ही यंत्राला झेपणार नाही. बारा एसी, ते मोठे दिवे, तो पडदा, सगळं बाराच्या आत बंद करा."

"मंडप बंद कसा करणार? मंडप हाच तर कार्यक्रम आहे!"

"मग जनरेटर लावा."

"डिझेल बाहेरून येतं. स्वावलंबनाच्या कार्यक्रमात परक्याचं डिझेल? पत्रकार माझी सालटी काढतील."

लेकीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि पायऱ्या उतरून खाली गेली.

बाराला पाच कमी असताना आत्या, थोरला आणि धाकटी मंडपात पहिल्या रांगेत बसले. एसीच्या गारव्यात आत्याने पदर घट्ट लपेटला. व्यासपीठाच्या एका बाजूला परक्या मिशीचे अण्णा, दुसऱ्या बाजूला भला मोठा पडदा, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकशे चार. थोरल्याच्या मांडीवर कागद आणि पेन होतं. साहेब माइकच्या पेटीजवळ उभा होता. सगळं त्याच्या हाताखाली हवं, असा त्याचा आग्रह होता.

"आजवर आपण दुसऱ्यांच्या उजेडात बसलो," मंत्री म्हणाले. "आजपासून आपल्या!" त्यांनी दांडा ओढला. तो सहज खाली आला, कारण त्याला खाली काही जोडलेलंच नव्हतं. साहेबाने फोन केला. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि टाळ्या चालू असतानाच लांबवर कुठेतरी राज्याने खरोखर लाईन तोडली.

खाली तळघरात लेकीने विजेच्या वारंवारतेचा काटा घसरताना पाहिला. पन्नासवरून एकोणपन्नास, मग त्याच्याही खाली. ती वाट बघत बसली नाही. तिने राज्याच्या लाईनचा ब्रेकर उघडून जोड तोडला. राज्य स्वतंत्र होऊन दीड मिनिट झालं होतं, तेव्हा गाव राज्यापासून स्वतंत्र झालं. पाण्याचा दरवाजा तिने पूर्ण उघडला. तरी काटा वर येईना. वर मंडप विजेवर आडवा हात मारत होता, आणि आता तोडण्यासारखं फक्त गावच उरलं होतं. हॉस्पिटलच्या खटक्याजवळ तिचा हात गेला आणि थांबला. "अहो, करा ना बंद," ती छताकडे बघून ओरडली. "कुणीतरी करा!"

ते वर कुणालाच ऐकू गेलं नाही. पण मंडपातले दिवे पिवळे पडले.

धाकटी उठली आणि खांबावरचा एसीचा मोठा स्विच तिने खाली ओढला. आत्याने वाकून पडद्याचा प्लग उपटला. एकशे चार टक्के एका क्षणात नाहीसे झाले. थोरला एका पायावर उठला आणि प्रखर दिव्यांचा खटका त्याने बंद केला. मंत्री अजून बोलतच होते. त्यांचे ओठ हलत होते, बोट वर होतं, पण आवाज येत नव्हता.

"माइक कुणी बंद केला?" मंत्र्यांना शेवटी ओरडून विचारावं लागलं.

साहेबाने खाली पाहिलं. पेटीच्या बटणावर त्याचंच बोट होतं. त्याला ते बोट कुणा दुसऱ्याचं वाटलं.

"मी, सर," तो म्हणाला. "म्हणजे, तसं नाही. लहानपणी घरात रेडिओचं बटण माझ्याकडे असायचं."

मंत्र्यांना यातून काहीच बोध झाला नाही. इतक्यात मंडपातले फोन एकामागून एक वाजू लागले. राजधानीत वीज नाही. बंदरात नाही. मंत्र्यांच्या बंगल्यात नाही. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठार अंधार, अर्थात दुपारी बारा वाजता जितका होऊ शकतो तितका. वीज होती ती फक्त या गावात. हॉस्पिटल चालू होतं, धाकटीची सहाही मशीनं चालू होती. अंधार फक्त मंडपात होता.

मंत्री खुर्चीवर टेकले. त्यांनी साहेबाला जवळ बोलावलं.

"बाहेरची वीज आता अजिबात येत नाहीये ना?"

"अजिबात नाही, सर."

"मग उद्दिष्ट पूर्ण झालं." त्यांनी घाम पुसला. "सही घ्या पटकन आणि निघू या."

साहेब थोरल्याकडे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण सवयीने तो म्हणाला, "दादा, तेवढी सही."

"कशावर रे?" आत्या मध्येच म्हणाली. "ज्याचं स्मारक करताय ते खाली चालतंय. बाकी सगळं राज्य बंद पडलंय, त्याचं करा की."

थोरल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो ऐकत होता. एसी बंद झाल्यावर मंडपात खालची घरघर स्वच्छ येत होती, आणि ती मघापेक्षा वेगळी होती; ओझं उचलून स्थिरावलेल्या यंत्राची. हे आपल्याला जमलं असतं का, असं त्याने स्वतःला विचारलं. नसतं जमलं. गावही गेलं असतं आपल्या हातून. ते कबूल करताना त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. इतक्या वर्षांत पोरीला हे एकदाही बोललो नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

त्याने कागद साहेबाच्या हातात दिला. सहीविनाच. "नाही करत," तो म्हणाला. "आणि तिची ती खुर्ची दुसऱ्या कुणाला दे."

मग तो जिन्याकडे निघाला. धाकटीने हात पुढे केला, तो त्याने धरला. बेचाळीस पायऱ्यांना त्याला सात मिनिटं लागली, आणि मधे दोनदा तो चक्क देवाला नको नको ते बोलला. मागोमाग साहेब फोन कानाला लावून उतरत होता. त्याच्या तोंडातून "हो सर, विचारतो सर" एवढंच निघत होतं.

"दादा," तो शेवटच्या पायरीवर म्हणाला, "धरणावरचं मोठं केंद्र बंद पडलंय. परत चालू करायचं तर पाण्याचे दरवाजे उघडायला हवेत, आणि दरवाजे उघडायलाच वीज नाही. आपल्याकडून मागतायत. नाहीतर शेजारच्या राज्याकडे मागावी लागेल, आणि आज ते..." त्याने फोन पुढे केला. "फोनवर मुख्य अभियंता आहेत. परवानाधारकाशी बोलायचंय म्हणतात."

लेकीने मान वर करून बापाकडे पाहिलं. तो खाली आलेला बघून तिला वाटलं, आता हे मला बाजूला व्हायला सांगणार. पाहुणे आले की सांगायचे तसं. तिने हात पुसले आणि उठायला लागली.

"बस, बस," थोरला म्हणाला. त्याने फोन घेतला. "हां, परवाना माझ्या नावावर आहे. उद्या बदलून घेतो. यंत्र माझी मुलगी चालवते. सहा वर्षं तीच चालवतेय. मला यातलं आता कळत नाही, तिला विचारा."

त्याने फोन तिच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. साहेबाने घसा साफ केला, पण धाकटीने त्याच्या कोटाची बाही ओढली आणि तो गप्प झाला.

लेकीने फोन कानाला लावला. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती काट्याकडे बघत राहिली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. राज्य, आणीबाणी, तातडी, आदेश, असे शब्द तळघरात बारीक बारीक ऐकू येत होते.

"देईन ना," ती म्हणाली. "पण लगेच नाही. हॉस्पिटलमध्ये एक ऑपरेशन चालू आहे, मला आवाजावरून कळतंय. ते होऊ दे. तोवर राज्याला म्हणावं, थांब."